देवडी व नगारखाना

देवडी व नगारखाना : वाडा, गढी, राजवाडा किंवा किल्ला यांच्या मुख्य प्रवेशद्वाराशी संलग्न असलेल्या वास्तूचे दोन प्रमुख भाग. दरवाजाच्या आतील बाजूस मार्गाच्या दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांसाठी बांधलेल्या ओट्यांना व कोनाड्यांना देवडी म्हणतात. दरवाजाच्या माथ्यावर वाद्ये वाजविण्यासाठी केलेल्या मजल्यास नगारखाना ही संज्ञा आहे. व्यवहारात ‘देवडी’ हा शब्द पुष्कळदा संपूर्ण द्वारवास्तूसाठीही वापरला जातो. विदर्भाच्या पूर्व भागात, विशेषतः गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत, त्यासाठी ‘फाटक’ हा शब्दही रूढ आहे.

घराचा दरवाजा आणि द्वारवास्तू यांत मूलतः फरक आहे. दरवाजा भिंतीत असतो. द्वारवास्तू ही स्वतःच एक इमारत असते. तिला जाडी असते, मजले असतात, तिच्या पोटात माणसे राहतात. बाहेरचा मनुष्य तिच्यातून आत जाताना काही काळ ना बाहेर असतो ना आत, आणि त्या अवधीत त्याची ओळख, त्याचे शस्त्र व त्याचा दर्जा यांची तपासणी होते. ज्या समाजात राहते घर हेच कचेरी, कोठार आणि प्रसंगी किल्लाही असते, त्या समाजात अशी वास्तू उत्पन्न होते. इंग्लंडमधील जमीनदारांच्या वाड्यांपुढील ‘गेटहाउस’ हा प्रकार याच गरजेतून आला. त्यामुळे परस्परांशी संबंध नसताही त्याची व मराठी देवडीची रचना पुष्कळ बाबतींत जुळते.

रचना : मराठेशाहीतील वाड्याच्या द्वारवास्तूचे सामान्य स्वरूप असे : मध्ये कमानदार उंच मार्ग, त्याच्या दोन्ही बाजूंस भरीव बुरूज किंवा निदान जाड भिंती, आत देवड्या आणि वर लाकडी किंवा विटांचा मजला. कमान बहुधा टोकदार असते व तिच्या खांद्यांवर दगडात कोरलेली कमळफुले असतात. चौकटीच्या माथ्यावरील पट्टीत गणपती असतो, म्हणून तिला गणेशपट्टी म्हणतात. दाराच्या फळ्या सागवानी असून त्यांना बाहेरून लोखंडी पट्ट्या व खिळे ठोकलेले असतात. मोठ्या दरवाजांत बिजागऱ्यांवर भिस्त ठेवीत नसत. फळीच्या एका कडेला वर व खाली काढलेले खुंट दगडी उखळीत बसवीत आणि सर्व भार त्यांवर पडे. दार लावल्यावर मागे आडवा टाकावयाचा अडसर हा एक अखंड वासा असे; दार उघडे असताना तो भिंतीतील लांब पोकळीत सरकवून ठेवीत. पडक्या गढ्यांमध्ये दार नाहीसे झालेले असले, तरी ही चौकोनी पोकळी व उखळ पाहून ते कोठे व कसे होते हे अचूक सांगता येते.

मोठी फळी दररोज उघडणे सोयीचे नसते. म्हणून तिच्यातच एक लहान दार ठेवतात, ते दिंडी होय. दिंडीतून एकावेळी एकच मनुष्य आणि तोही वाकून आत जाऊ शकतो. ज्याच्यासाठी मोठा दरवाजा उघडला जाई तो पाहुणा मानाचा, बाकीच्यांनी मान लववून यावे, असा संकेत त्यातून आपोआपच निर्माण झाला. संरक्षणासाठी केलेली सोय शिष्टाचारात कशी रूपांतर पावते याचे याहून सुबोध उदाहरण मराठी वास्तुकलेत क्वचितच आढळेल.

डोंगरी किल्ल्यांच्या दरवाजांची रचना याहून कठोर असे. रायगडच्या महादरवाजाप्रमाणे दोन बुरुजांच्या कवेत दरवाजा लपविणे व त्याकडे जाणारी वाट वळणाची ठेवणे, ही गोमुखी पद्धती होय. दरवाजा समोरून दिसत नाही. तो दिसेपर्यंत चाल करणारा दोन्ही बुरुजांवरील माऱ्यात सापडतो. मैदानावरील वाड्याला हे साधत नसे, कारण वाड्याचा दरवाजा लपवावयाचा नसतो, दाखवावयाचा असतो. या दोन परस्परविरोधी गरजांची तडजोड हाच वाड्याच्या द्वारवास्तूचा खरा प्रश्न आहे.

दिल्ली दरवाजा : पुण्याच्या शनिवारवाड्याचा उत्तराभिमुख दिल्ली दरवाजा हे या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध व अभ्यासास सोयीचे उदाहरण. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी वाड्याचा पाया घातला व २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांती झाली. दोन्ही दिवस शनिवार होते. मूळ वाड्यास १६,११० रुपये खर्च आल्याची नोंद आहे. तट, बुरूज व दरवाजे यांचे काम मात्र बरेच रेंगाळले आणि नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत पुरे झाले. तटाला नऊ बुरूज व पाच दरवाजे आहेत : उत्तरेस दिल्ली व मस्तानी (पुढे अलीबहाद्दर), पूर्वेस खिडकी, आग्नेयेस गणेश आणि दक्षिणेस जांभूळ ऊर्फ नारायण दरवाजा.

तटाचा खालचा भाग दगडी आणि वरचा विटांचा आहे. यासंबंधी परंपरेने असे सांगतात, की दगडी तट बांधण्याचा अधिकार छत्रपतींचा, प्रधानाचा नव्हे, अशी तक्रार साताऱ्यास गेली व म्हणून पुढील काम विटांत झाले. उत्तरेकडे तोंड करून मोठा दरवाजा उभारणे म्हणजे दिल्लीच्या बादशाहीस आव्हान, म्हणून शाहू छत्रपतींनी ते काम थांबविले व ते त्यांच्या निधनानंतर (१७४९) पूर्ण झाले, अशीही एक आख्यायिका आहे. या कथांचा तपशील कितपत खरा धरावा हा प्रश्न वेगळा. परंतु त्यांच्यामागची कल्पना खरी आहे. घराला तट घालणे ही खाजगी बाब नव्हती, ती राजसत्तेच्या अनुमतीची बाब होती. इंग्लंडमध्येही तेराव्या शतकापासून वाड्याच्या भिंतींवर चर्या बांधण्यासाठी राजाचा परवाना घेण्याची पद्धत रूढ झाली होती. नॉर्फकमधील ऑक्सबरो हॉल या वाड्यासाठी एडमंड बेडिंगफील्डला १४८२ मध्ये चौथ्या एडवर्डकडून असा परवाना मिळाला. तेथील विटांचे उंच, जोडबुरुजी गेटहाउस वाड्याचे मुख्य आकर्षण आहे. त्याला रुंद खिडक्या आहेत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. खऱ्या वेढ्याची धास्ती असणारा मनुष्य दरवाजावर रुंद खिडक्या ठेवीत नाही. परवाना हा तेथे संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेचाच दाखला अधिक होता.

दिल्ली दरवाजाची उंची सुमारे ६·४ मी. (२१ फुट) व रुंदी सुमारे ४·३ मी. (१४ फुट) आहे. अंबारीसह हत्ती आत जावा, हे त्या मापामागील गणित. तोच हत्ती शत्रूचा असेल तर त्याने दाराला धडक देऊ नये, म्हणून प्रत्येक फळीवर आठ-नऊच्या ओळींत बहात्तर अणकुचीदार लोखंडी सुळे बसविलेले आहेत. प्रत्येकाची लांबी सुमारे ३० सेंमी. असून त्यांची योजना हत्तीच्या गंडस्थळाची उंची लक्षात घेऊन केलेली आहे. उजव्या फळीच्या खालच्या कोपऱ्यात दिंडी आहे. दोन्ही बाजूंच्या बुरुजांत जंग्या असून वरून उकळते तेल ओतण्यासाठी पन्हळी ठेवलेल्या आहेत. दार फोडून आत शिरलेल्या जमावाला सरळ वाड्याकडे धावता येत नाही. त्यास प्रथम उजवीकडे व मग डावीकडे काटकोनात वळावे लागते. गोमुखी रचनेचे हे मैदानी रूप म्हणता येईल. बाहेरून पाहणाऱ्यास दरवाजा भव्य व सरळ दिसतो, वळण आत शिरल्यावरच कळते. वर उल्लेखिलेली तडजोड येथे अशी साधलेली आहे.

देवडीच्या भिंतींवर गणपती, शेषशायी विष्णू इत्यादींची रंगीत चित्रे काढलेली होती. त्यांतील अवशिष्ट भाग आज फिकट झाले आहेत. तरी पेशवेकालीन भित्तिचित्रांच्या अभ्यासात त्यांना स्थान आहे. पहारेकऱ्यांच्या ओट्यांच्या सान्निध्यात देवादिकांची चित्रे असणे आधुनिक वाचकास विसंगत वाटेल. पण दरवाजा ही उंबरठ्याची जागा. तेथे शस्त्राइतकीच मंगलाची योजनाही आवश्यक मानली जात असे.

दरवाजावरील नगारखाना लाकडी असून त्याचे खांब सुरूच्या घाटाचे आहेत व त्यांच्या दरम्यान महिरपी कमानी आहेत. खालचा दगडी, जवळजवळ अलंकारहीन भाग आणि वरचा हलका, उघडा लाकडी सज्जा यांतील विरोध हे या वास्तूचे सौंदर्य होय. वरून वाड्याचे अंतरंग व बाहेरचा शहराचा भाग ही दोन्ही एकाच वेळी दिसतात. नगारखान्याची जागा पहाऱ्यासाठीही किती सोयीची होती हे तेथे उभे राहिल्यावर समजते.

नगारखान्याचा मान : नगारखान्यात सनई, नगारे, चौघडा इ. वाद्ये ठरलेल्या वेळी वाजत. त्यामुळे गावास वेळ कळे, हा त्याचा व्यावहारिक उपयोग. परंतु चौघडा कोणी वाजवावा याला बंधन होते. मोगल दरबारात नौबतीचा अधिकार मोठ्या मनसबदारांना बादशहाकडून मिळत असे व बादशहाच्या सान्निध्यात तो बजावता येत नसे. मराठी राज्यातही जरीपटका आणि चौघडा हे सन्मान सरदारांना दिले जात. म्हणून दरवाजावर नगारखाना असणे हे केवळ ऐपतीचे लक्षण नव्हते. तेथे वाजणारा चौघडा हा मालकाचा दर्जा दररोज जाहीर करणारा पुकारा होता. एकोणिसाव्या शतकात सत्ता गेल्यावरही संस्थानिकांनी नगारखान्यांवर मोठा खर्च केला, याचे कारण यातच शोधले पाहिजे. त्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूरच्या जुन्या राजवाड्यापुढे बुवासाहेब महाराजांनी उभारलेला बहुमजली दगडी नगारखाना हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अशाच हेतूची अतिशयोक्ती इंग्लंडमध्ये एसेक्समधील लेअर मार्नी येथे आढळते. तेथे लॉर्ड हेन्री मार्नीने १५२० च्या सुमारास विटांचे आठ मजली बुरूज असलेले गेटहाउस उभारण्यास घेतले. १५२३ मध्ये तो व १५२५ मध्ये त्याचा मुलगा मरण पावला आणि ज्या वाड्यासाठी हे द्वार होते तो कधीच पुरा झाला नाही.

संरक्षणाची कसोटी : द्वारवास्तूच्या संरक्षक योजनांची कसोटी पाहणारे प्रसंग शनिवारवाड्याच्या इतिहासात दोन आले आणि दोन्ही वेळी दिल्ली दरवाजाचे सुळे निरुपयोगी ठरले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी वाड्यात शिरून नारायणराव पेशव्यांचा खून केला. ग्रँट डफच्या वृत्तांतानुसार ते एका अर्धवट बांधलेल्या व अद्याप बंदोबस्त न झालेल्या दारातून आत आले. रघुनाथरावाच्या निवासाकडे स्वतंत्र वाट करण्यासाठी ते दार पाडले होते. म्हणजे महाद्वार अभेद्य असताना घरगुती कलहाने पाडलेल्या लहानशा वाटेने धन्याचा घात केला. दक्षिणेकडील नारायण दरवाजाचे नाव याच घटनेशी जोडले जाते. दुसरा प्रसंग १७ नोव्हेंबर १८१७ चा. खडकी व येरवडा येथील लढायांनंतर दुसरा बाजीराव पुणे सोडून गेला होता. वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, तेव्हा दरवाजावर लढाई झालीच नाही.

चंद्रपूरच्या परकोटाची कथा वेगळी, पण निष्कर्ष तोच. गोंड राजांनी बांधलेल्या या नगरकोटाला जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे चार मोठे दरवाजे व शिवाय लहान खिडक्या आहेत. दरवाजांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले असून ते गोंड राजवंशाचे चिन्ह मानले जाते. मे १८१८ मध्ये कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने चांदा घेतला तो दरवाजा फोडून नव्हे, तर तोफांनी तटास खिंडार पाडून. हत्तीच्या धडकेचे युग संपले होते. जो दरवाजा शत्रूची पहिली नजर आपल्याकडे खेचून घेण्यासाठी उभारला होता, त्याच्याकडे नव्या तोफखान्याने पाहिलेसुद्धा नाही.

पूर्व विदर्भ : नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील द्वारवास्तूंपैकी नागपूरचा जुम्मा दरवाजा (नंतरचा गांधी दरवाजा) व महालातील राजवाड्याचा नगारखाना हे उल्लेखनीय आहेत. भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये आगीत भस्मसात झाला. तेव्हा त्याचा नगारखान्याचा भव्य कमानदार दरवाजा तेवढा शिल्लक राहिला. शनिवारवाड्याचेही तेच झाले होते : २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सुमारे आठवडाभर धुमसत होती व तीत आतील सर्व लाकडी दिवाणखाने गेले, तट, बुरूज व दरवाजे मात्र राहिले.

हा योगायोग नव्हे. मराठी वाड्याचा सांगाडा सागवानी असतो. खांब, तुळया, तक्तपोशी, कोरीव महिरपी ही सर्व जळाऊ सामग्री, तर द्वारवास्तूचा खालचा भाग दगड-चुन्याचा. शिवाय ती मुख्य इमारतीपासून चौकाच्या अंतराने दूर असते. त्यामुळे वाडा जातो व दरवाजा राहतो. याचा अभ्यासकाला एक तोटा आहे. केवळ दरवाजे उरल्यामुळे मराठी वास्तुकला म्हणजे जाड भिंती व लोखंडी खिळे, असा समज पसरतो. प्रत्यक्षात तिचे मर्म त्या दरवाजामागील उघड्या चौकांत, सोप्यांत व काष्ठकामात होते. ते पाहण्यास विश्रामबागवाड्यासारखी थोडीच स्थळे उरली आहेत. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या त्या वाड्याच्या दर्शनी भागात दरवाजावरील कोरीव लाकडी सज्जा हेच मुख्य आकर्षण असून संरक्षणाचा विचार जवळजवळ सुटलेला दिसतो.

गोंदिया जिल्हा (१९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्याचा भाग) हा वैनगंगेच्या खोऱ्यातील तलावांचा व धानाचा प्रदेश. येथे राजधानीचे शहर नव्हते. सत्ता कामठा, आमगाव इ. ठिकाणच्या जमीनदारांच्या हाती विखुरलेली होती. त्यांपैकी गोंदिया तालुक्यातील कामठा मोठी. १८१८ मध्ये तेथील जमीनदार चिमणा पाटील याने बंड केले. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेने ते मोडले व जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. अशा जमीनदारांच्या गढ्यांना पुण्याच्या मानाने अवाढव्य म्हणावे असे काही नव्हते. पण त्यांचे फाटक हे सभोवतालच्या शेकडो खेड्यांच्या दृष्टीने सरकारचेच दार होते. सारा, वेठ, न्याय आणि दुष्काळातील धान्य या सर्वांची वाट त्यातूनच जात होती. इंग्लंडमधील मॅनरच्या गेटहाउसशी खरे साम्य दाखवावयाचे, तर ते पेशव्यांच्या दिल्ली दरवाजापेक्षा अशा फाटकांत अधिक आहे. श्रॉपशरमधील स्टोकसे येथील वाड्यापुढे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेले लाकडी चौकटीचे छोटे गेटहाउस हे त्याच जातीचे : शत्रूला थोपविण्यास असमर्थ, पण कुळाला बाहेर थांबविण्यास पुरेसे.

या वास्तूंच्या ऱ्हासाचे कारण मात्र स्थानिक आहे. मध्य प्रदेश राज्याने (भंडारा त्या वेळी त्या राज्यात होते) १९५० मध्ये मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला व १९५१ मध्ये तो अमलात आला. जमीनदारी गेली, तिच्याबरोबर कचेरी गेली, पहारा गेला आणि दर पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरणारे हातही गेले. विदर्भ व मराठवाड्यातील बहुतेक गढ्यांच्या भिंती मातीच्या. मातीची भिंत डोक्यावर छप्पर व अंगावर लिंपण असेतोवर शतकानुशतके टिकते. छप्पर एकदा फुटले की काही पावसाळ्यांतच तिचा ढिगारा होतो. गढीची पांढरी माती शेतात खत म्हणून व घरबांधणीस नेण्याची चालही जुनी आहे. सागवानी फळ्या व लोखंडी पट्ट्यांना बाजारात किंमत असल्याने त्या सर्वांत आधी नाहीशा होतात. उरते ती दगडी कमान, उखळ आणि अडसराची पोकळी.

जतन : शनिवारवाडा १९१९ मध्ये संरक्षित स्मारक म्हणून घोषित झाला व त्यानंतर काही वर्षांत आतील राडारोडा काढून जोती, हौद व कारंजी उघडी करण्यात आली. प्रसिद्ध वास्तूंना असे संरक्षण लाभले आहे. लहान गढ्यांच्या दरवाजांचे तसे नाही; त्यांपैकी पुष्कळांची मोजमापे किंवा आराखडेही झालेले नाहीत. सुटी उभी असलेली कमान धोकादायकही असते. दोन्ही बाजूंच्या भिंती तिचा आडवा रेटा पेलीत असतात. त्या वाहून गेल्यावर कमानीचे पाय हळूहळू फाकतात व कळीचा दगड खाली सरकू लागतो. अशा वेळी सिमेंटचा गिलावा देण्याची घाई केली जाते. सिमेंटमुळे आतील चुन्यातील ओल कोंडून राहते व दर्जा सुटतात. मूळच्यासारखा चुन्याचा गारा वापरून दर्जा भरणे व बाजूच्या भिंतीचा निदान काही भाग धिऱ्यासारखा उभा करणे हा अधिक भरवशाचा उपाय होय. त्याआधी मात्र उखळांची जागा, अडसराच्या पोकळीची खोली, देवडीच्या ओट्यांची उंची व पाथरीवरील चाकोऱ्यांचे अंतर यांची मापे घेऊन ठेवणे आवश्यक असते, कारण दरवाजातून गाडी जात होती की हत्ती, हे त्यांवरूनच ठरविता येते.